बिनधुराचा गंध

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय उदबत्तीचा आहे. हसू नका. या उदबत्तीवरून आमच्या तेरखेड्याच्या घरात मागच्या दिवाळीत अबोला झाला होता, आणि तोही आई-आप्पांमध्ये. ४५ वर्षांच्या संसारात त्यांची भांडणं पुष्कळ झाली, पण अबोला पहिलाच.

झालं असं की आप्पांचा दमा वाढला. छातीच्या डॉक्टरांनी तपासलं, फुंकायला लावलं, आणि चिठ्ठीच्या तळाशी लिहून दिलं, की घरात धूर बंद. डासांची कॉइल बंद, चूल बंद आणि उदबत्तीसुद्धा बंद. कॉइल त्याच दिवशी गेली. पाणी तापवायची चूल परसात गेली. उदबत्तीपाशी गाडी अडली. आई म्हणाली, "देवाला ऊद न्हाई दाखवायचा, तर मग काय दाखवायचं? डॉक्टरची चिठ्ठी?" आप्पा काही बोलले नाहीत. फक्त पूजेच्या वेळी उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले. थंडीत, मफलर गुंडाळून. आईला ते लागलं. ती बोलायची थांबली.

ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तेरखेडा म्हणजे वाशी तालुक्यातलं, सोलापूर-धुळे रस्त्यावरचं फटाक्यांचं गाव. लोक कौतुकानं मराठवाड्याची शिवकाशी म्हणतात. गावाबाहेर माळावर, एकमेकांपासून अंतर राखून कारखान्यांच्या बुटक्या खोल्या उभ्या आहेत. माझ्या लहानपणी संध्याकाळी कामावरून येणाऱ्या माणसांच्या कपड्यांना दारूचा वास असायचा. प्यायची नव्हे, फटाक्यांची. गंधक आणि कोळशाचा तो वास आला की चुलते घरी आले हे न बघता कळायचं. आणि माळाकडून नेहमीपेक्षा मोठा आवाज आला की बायामाणसं दारात येऊन उभी राहायची, कुणीच काही बोलायचं नाही. आप्पांनीही उमेदीची काही वर्षं त्याच कामात काढली. आता त्यांच्या छातीचा दोष दारूला द्यायचा, विडीला द्यायचा की वयाला, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. उदबत्ती बिचारी शेवटी आली आणि तिच्यावर सगळं आलं.

मी पुण्यात परत आलो, पण डोक्यात तेच. धूर नसेल तर देवाला वास पोचत नाही, असं आपण कधीपासून मानायला लागलो? पूर्वीही असंच होतं का? म्हणून वाचायला घेतलं, आणि वाचता वाचता असा एक माणूस भेटला, की त्याच्याविषयी लिहिल्याशिवाय राहवेना.

हा माणूस म्हणजे परशुराम कृष्ण गोडे (१८९१-१९६१), पुण्याच्या भांडारकर संस्थेचे क्युरेटर. आयुष्यभर हस्तलिखितांच्या सहवासात बसलेले. त्यांचे विषय बघाल तर थक्क व्हाल. त्यांनी १९५३ साली भारतातल्या आतषबाजीचा इतिहास लिहिला, इ. स. १४०० ते १९०० असा पाचशे वर्षांचा. आमच्या गावानं त्यांचा फोटो लावायला हरकत नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शोभेच्या दारूचे पाठ साधारण १४०० च्या सुमाराला चीनकडून इकडे आले आणि तिथले जे पदार्थ इथं मिळत नव्हते त्यांच्या जागी इथले घालून आपल्या लोकांनी ते वळवून घेतले. ओरिसाच्या गजपती प्रतापरुद्रदेवाच्या 'कौतुकचिंतामणी'त त्याचे पाठ सापडतात. आपल्या एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'तही लग्नाच्या थाटात आतषबाजी आहे, म्हणजे सोळाव्या शतकात मराठी ऐकणाऱ्याला ती ओळखीची होती.

पण याच गोड्यांचा दुसरा नाद होता सुगंधाचा! भारतातली प्रसाधनं आणि सुगंधविद्या यांवर त्यांनी निबंधामागून निबंध लिहिले. भांडारकरमधल्या एका हस्तलिखितात त्यांना गंगाधर नावाच्या लेखकाचा 'गंधसार' सापडला, आणि त्याच्याच सोबत 'गंधवाद' नावाचा एक छोटा ग्रंथ, ज्याच्या कर्त्याचं नाव नाही. गंमत म्हणजे 'गंधवादा'वर चक्क जुनी मराठी टीका आहे. म्हणजे कुणीतरी मराठी माणसानं, मराठी माणसांसाठी, सुगंध कसा करायचा हे समजावून सांगितलं होतं. हे दोन्ही ग्रंथ वडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेनं १९८९ साली छापले. ज्या भाषेत आज उदबत्तीच्या पुड्यावर 'मोगरा', 'गुलाब' आणि 'चंदन' याखेरीज शब्द सापडत नाही, त्या भाषेत ही विद्या लिहून ठेवलेली होती! मला तर हे वाचून आधी आनंद झाला आणि मग जरा लाज वाटली.

आमच्या भागापुरतं बोलायचं तर आणखी एक आहे. कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्यापासून फार लांब नाही. तिथला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला. राजाच्या उपभोगांची त्यात यादीच आहे, आणि त्यात जेवणाखाण्याबरोबर धूपभोगही आहे. धूप हा नुसता देवाचा नाही, माणसाच्याही सुखाचा भाग.

त्याही आधी, सहाव्या शतकात वराहमिहिरानं 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीचं प्रकरण लिहिलं. गणितवाल्यांनी हे जरूर बघावं. चार गुणिले चार घरांचा चौकोन, प्रत्येक घरात एक सुगंधी द्रव्य आणि त्याचे भाग. ते आकडे असे मांडलेत, की आडवी ओळ घ्या किंवा उभी, बेरीज १८ च येते. या १६ द्रव्यांतून चार-चार निवडून, प्रमाणं बदलत गेलं तर १,७४,७२० सुगंध होतात असा त्यानं हिशोब दिलाय. आणि आपल्या वाण्याकडे मिळतात फार तर सहा.

आता चीनकडे येतो, कारण खरी गंमत तिथं आहे.

दारू तिकडून इकडे आली, तसा गंध इकडून तिकडे गेला. म्हणजे चिन्यांकडे आधी काही नव्हतं असं नाही. १९७२ साली मावांगदुईला दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका सरदारपत्नीची कबर उघडली, तेव्हा तिच्यासोबत वनस्पती भरलेल्या वासाच्या पुरचुंड्या आणि धूपपात्रं निघाली. पण बौद्ध भिक्षूंबरोबर आणि समुद्रमार्गानं तिथं जे गेलं, त्यानं सगळं बदललं. चंदनाला जुन्या चिनी ग्रंथांत आपल्याच शब्दावरून घेतलेलं 'चांतान' असं नाव आहे. कुमारजीवानं इ. स. ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचं चिनी भाषांतर केलं, त्यात सुगंधांची एक यादी येते. चंदन आहे, अगरू आहे, तमालपत्र आहे आणि तगर आहे. अगरू सोडला तर ही नावं भाषांतर न करता, जमेल तशी चिनी अक्षरांत बसवलेली आहेत.

तगर वाचल्यावर मी खुर्चीत सरळ झालो. आमच्याच डोंगरात उगम पावणाऱ्या तेरणेच्या काठी तेर आहे, गोरोबाकाकांचं तेर. त्याचं प्राचीन नाव तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे शहर आहे आणि तिथून कापड गाड्यांतून भडोचला जातं अशी नोंद आहे. गावाच्या नावाचा आणि त्या सुगंधी मुळीचा संबंध आहे असा माझा दावा नाही. नुसतं नाव सारखं. पण शेजारच्या गावाचं नाव चिनी पोथीत वासाच्या रूपानं भेटावं, याचा आनंद मला एकट्याला झाला तरी पुरे.

चिन्यांनी या मालाचं काय केलं, ते बघण्यासारखं आहे. त्यांनी सुगंध ही अभ्यासाची गोष्ट केली. सुंग काळात सुगंधाच्या नोंदवह्याच लिहिल्या गेल्या. कुठलं लाकूड कुठून येतं, कसं ओळखायचं, कशात किती मिसळायचं. पुढे १६४१ साली चौ च्याचौ या गृहस्थानं तर २८ भागांचा सुगंधकोश पुरा केला. व्यापारही तेवढाच. च्वानचौ बंदराजवळ १९७४ साली गाळातून तेराव्या शतकातलं एक जहाज उकरून काढलं, त्यात दोन टनांहून जास्त सुगंधी लाकूड आणि मसाले होते. हाँगकाँग या नावाचा अर्थही 'सुगंधी बंदर'.

त्यांच्याकडे धुपाची घड्याळं होती. राखेवर साच्यानं सुगंधी भुकटीची वळणावळणाची वाट काढायची, अगदी रांगोळीसारखी, आणि एका टोकाला विस्तव लावायचा. विस्तव कुठवर आला त्यावरून वेळ कळायची. बोलण्यात 'एक काडी जळेपर्यंत' हे वेळेचं माप झालं. चिनी भाषेत वास घेण्याचं जे क्रियापद आहे, ते जुन्या काळी ऐकण्यासाठी होतं. त्याच्या अक्षरात दरवाजा आहे आणि दरवाजात कान. म्हणजे वास घ्यायचा तो दारात कान लावून बसल्यासारखा.

आणि माझ्या कामाची गोष्ट अशी. सुंग काळातले शौकीन लोक सुगंधी द्रव्य जाळतच नसत. धूपपात्रात राख भरायची, पेटता कोळसा त्या राखेत पुरायचा, वर बारीक छिद्र ठेवायचं, त्यावर अभ्रकाचा किंवा चांदीचा पातळ पत्रा, आणि पत्र्यावर सुगंधी लाकडाचा नखाएवढा तुकडा. तो तापतो, पण पेटत नाही. वास येतो, धूर नाही. धूर झाला तर त्यांच्या लेखी तो करणाऱ्याचा अडाणीपणा!

इथं माझं मत सांगतो, पटलं तर बघा. आपण धुरालाच भक्ती समजून बसलो आहोत. काडी पेटवली, तीन वेळा ओवाळली, खोचली, की काम झालं. तिचा वास कसला आहे हे कुणी थांबून बघत नाही. आणि बघण्यासारखं त्यात उरलंय तरी काय? अगरबत्ती हे नाव अगरूवरून आलं, आणि ऊद हे त्याच लाकडाचं अरबी नाव. अगरूचं झाड जखमी झालं, त्याला बुरशी लागली, की आत राळ साठते आणि तेच सुगंधी लाकूड. आज ते सोन्याच्या भावानं जातं, आणि त्याच्या मुख्य जातीच्या व्यापारावर १९९५ पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. म्हणजे आपल्या पाच-दहा रुपयांच्या पुड्यात अगरू असणं शक्यच नाही. बहुतेक स्वस्त काड्या म्हणजे बांबूची काडी, तिच्यावर कोळशाची भुकटी आणि चिकटपणासाठी जिगट, आणि मग ती रासायनिक सुगंधात बुडवलेली. कोळशाची भुकटी! आमच्या गावाला ती चांगली माहीत आहे. तीत गंधक आणि सोरा मिसळला की फटाका होतो. चटकन पेटणाऱ्या धुपाच्या गोल वड्या मिळतात ना, त्यात तर सोराही असतो. देव्हाऱ्यातली काडी आणि माळावरचा फटाका इतके जवळचे भाऊ आहेत हे मला या वयात कळलं.

धुराचं म्हणाल तर २००८ सालच्या एका वैद्यकीय आढाव्यात वाचलं, की उदबत्तीचा एक ग्रॅम जळला तर ४५ मिलिग्रॅमहून जास्त बारीक कण हवेत जातात, सिगारेटच्या एका ग्रॅमला सुमारे १०. याचा अर्थ आई रोज विड्या ओढते असा नाही. पण बंद खोलीत, दोन्ही वेळा, दम्याच्या माणसाशेजारी ही काडी लावायला नको, एवढं तरी नक्की.

स्वदेशीचा मुद्दाही निघतो. मध्यंतरी आपल्याकडे तयार उदबत्ती आणि तिच्या काड्या चीन-व्हिएतनाममधून येत होत्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारनं उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध आणले, आणि जून २०२० मध्ये बांबूच्या काड्यांवरचं आयात शुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के केलं. चांगलं झालं, कारण उदबत्ती वळून घर चालवणाऱ्या बाया या देशात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या पोटावर पाय देणारं मी काही सुचवत नाही. पण मला वाटतं काडी परत आणली, विद्या कुठे परत आणली? वराहमिहिराचा चौकोन आणि 'गंधवादा'ची मराठी टीका अजून कपाटातच आहे.

कुणी म्हणेल, चिनी लोकांचं एवढं कौतुक कशाला? बरोबर आहे. तिथल्या देवळांतही लोक जुडगेच्या जुडगे पेटवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत धूर करतात. अभ्रकाच्या पत्र्यावर अगरू तापवणारे होते ते रिकामा वेळ आणि पैसा असलेले. आमच्या आजीकडे दोन्ही नव्हतं. तरी आजीला गंध कळत होता, हे मी विसरलो होतो.

आजी नातवंडांना न्हाऊ घातल्यावर धुरी द्यायची. शेगडीत चार निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा, ऊद, आणि आणखी काहीतरी, जे ती फडक्याच्या पुरचुंडीतून चिमटीनं काढायची. धूर असायचा, पण क्षणभर, आणि मग दिवसभर बाळाच्या टाळूला वास. चंदनाचं खोड सहाणेवर उगाळायची तेव्हा तर विस्तवाचंही काम नसायचं. माठात वाळ्याची जुडी, चैत्रात देवापुढे दवणा, कपड्यांच्या पेटीत नागरमोथा, पंढरपूरहून आलेला बुक्का. यातल्या एकालाही धूर नाही! गुरुवारी संध्याकाळी लोबान घेऊन दुकानादुकानांपुढून फिरणारा फकीर सोडला, तर आमच्या घरातले बहुतेक वास बिनधुराचेच होते. उदबत्तीचा पुडा घरी आला, सोपा वाटला, आणि बाकीचे सगळे गेले. आम्ही कुणी त्यांना जा म्हटलं नाही, पण थांबा असंही म्हटलं नाही.

तर पुढची गोष्ट. संक्रांतीला गावी गेलो तेव्हा जुन्या बिघडलेल्या इस्त्रीतला अभ्रकाचा पत्रा काढला. पितळी धूपाटण्यात चुलीची राख चाळून भरली. पहिल्यांदा निखारा फार वर राहिला, चंदनाचा कपचा काळा पडला आणि धूर झाला. आई दारातून बघत होती. तोंड फिरवून हसली. दुसऱ्यांदा निखारा राखेत गुदमरून विझला. तिसऱ्यांदा जमलं. धूर दिसेना, पण थोड्या वेळानं चंदनाचा वास आला, अगदी हळू, बोलावल्यावर लाजत येणाऱ्या पोरासारखा. (एक सांगून ठेवतो, पेटता कोळसा बंद खोलीत ठेवायचा नाही. धूर नसला तरी त्याचा वायू घातक असतो. आम्ही दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवल्या होत्या, आणि आप्पा ओट्यावरच होते.)

आईनं ते सगळं शांतपणे बघितलं आणि म्हणाली, "एवढा कुटाणा रोज कोण करणार? तू पुण्यात." खरं होतं. मग काही न बोलता तिनं फडताळातून सहाण काढली, धुतली, आणि खोड उगाळायला बसली. देवांना गंध लावलं, उरलेलं वाटीत तसंच देवापुढे ठेवलं. निरांजन लावलं. एक उदबत्ती मात्र घेतली, अंगणात तुळशीपाशी नेली आणि वृंदावनाच्या भोकात खोचली. तेवढी तिला पाहिजे होती. वारा रस्त्याच्या बाजूला होता.

"या आत," ती ओट्याकडे बघून म्हणाली. आप्पा आले, देव्हाऱ्यासमोर पाटावर बसले, डोळे मिटले. मला वाटलं, नमस्कार करतायत. पण ते लांब श्वास घेत होते. त्यांना जमेल तेवढा लांब.

"काय हाय ह्ये?" त्यांनी विचारलं.

"चंदन," आई म्हणाली. "तुमच्या आईचंच खोड."

तेव्हापासून बोलणं सुरू आहे. भांडणंही सुरू आहेत, म्हणजे सगळं ठीक आहे.

शेवटी एक मागणं, खास करून घरच्या मंडळींकडे. आजीच्या पुरचुंडीत ओवा, शेपा आणि ऊद याखेरीज काय असायचं ते आता आईला आठवत नाही. कपूरकाचरी होती असं तिला वाटतं, खात्री नाही. बार्शीच्या आत्या, लातूरच्या काकू, तुमच्या बाळंतपणात ती धुरी तुम्हीही घेतली आहे. आठवत असेल तर कागदावर लिहून ठेवा किंवा मला फोनवर सांगा, मी लिहून घेतो. 'गंधवाद' लिहिणाऱ्यानं नाव नाही सांगितलं, पण पाठ लिहून ठेवला, म्हणून तो आपल्यापर्यंत आला. आजीचा पाठ तुमच्याजवळ असेल तर असेल, नाहीतर तो गेला. बाकीच्यांनीही आपल्या घरातला एखादा वास आठवून बघा आणि जमलं तर कळवा.